पाणी पिणारं कापड

आमच्या अंबडच्या गल्लीतले बाबूराव टेलर बोलायला आले, की आपले कपडे सांभाळावेत. बोलता बोलता ते ओलं बोट हळूच तुमच्या बाहीला लावणार. थेंब लगेच मुरला तर स्वारी खूश. तसाच वर लोळत राहिला तर मान हलवणार, "पाणी पीत न्हाई. बिलकुल बेकार!" एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाच्या सफारीवर असाच थेंब टाकला. मामा भरल्या ताटावरून उठला, आता बोला!

जन्म गेला वकिलांचे काळे कोट शिवण्यात, आणि म्हातारपणी हे फुलाफुलांचं कापड शोधत हिंडत होते. एकदा माझ्या दोरीवरच्या गाऊनपाशी येऊन उभे.

"ताई, तुमचा गाऊन पाणी पितो का?"

"बाबूराव, वयाचं तरी भान ठेवा!" मी कडाडले.

ते खालमानेनं म्हणाले, "चंदीसाठी पायजे होता."

चंदी त्यांची एकुलती एक लेक. वय बाविशीच्या पुढं, समज पाच वर्षांच्या लेकराची. आई कधीच वारलेली. पाळीच्या दिवसांत बाजारातल्या पॅडनं तिच्या जांघा सोलून निघायच्या, मग ती ते उपसून फेकून द्यायची. म्हणून बाबूरावांनी धुऊन वापरायचे मऊ पॅड घरीच शिवले. त्यांना टिचबटणं लावली. गळू नये म्हणून खालच्या अंगाला रेनकोटचं कापड, तेही फुलाफुलांचं, पोरीला आवडावं म्हणून.

तिथंच घोटाळा झाला. चंदी फुलं वर करून घालायची. पॅड कोरडा ठणठणीत आणि कपडे सगळे भिजलेले! कितीही समजावा, तिचं एकच, "बाबा, फुलं वरच असत्यात."

"बराबरच हाय की तिचं," बाबूराव मला म्हणाले. "झाडाला फुलं खाली तोंड करून लागत्यात का? मंग म्हणलं आपणच बदलावं. साधं रेनकोटचं कापड खाली, फुलाचं वर. पण वरचं कापड पाणी पिणारं पायजे ना, ताई."

काय म्हणावं या माणसाला! धुऊन धुऊन मऊ झालेला तो गाऊन मी तिथंच दोरीवरून काढून दिला.

त्यांना घाई होती. हृदय थकलंय असं जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. केदारखेड्याची बहीण त्यांच्या माघारी चंदीला ठेवून घ्यायला तयार होती, पण तिनं तोंडावर सांगितलं होतं, "पोरीला खाऊ घालीन दादा, पण तिचं ते धुणं माझ्यानं व्हायचं न्हाई."

"घालायचं कसं ते तुमी दावा ताई, बापानं कसं दावावं?" म्हणून ते काम माझ्याकडं आलं. धुणं त्यांनी शिकवलं. गार पाण्यात भिजव, गरम नको, डाग पक्का बसतो. फेस जाईस्तोवर खळबळ. सावलीत न्हाई, कडक उन्हात वाळव. चंदी फेसाशी खेळत अख्खी साबणाची वडी विरघळवायची. "जल्दी न्हाई बेटा, जल्दी न्हाई," म्हणत बाबूराव छाती धरून तिच्याशेजारी बसायचे. मला ते बघवायचं नाही. असे कितीतरी महिने गेले.

परवा गल्लीत पेढे वाटत आले. सगळ्यांना सांगितलं, कोटांची मोठी ऑर्डर मिळाली. माझ्या दारात आल्यावर मात्र त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"सकाळी पॅड द्यायला गेल्तो, ताई. तिनं हातातून घेतला अन् म्हणली, बाबा, तू भाईर जा. दार लावून घेतलं तिनं! मी तसाच दाराशी उभा, काय करावं सुचंना. दुपारी बदललाबी तिचा तिनं. कपड्याला एक डाग न्हाई. पहिला धुऊन उन्हात टाकलाय. आता बहीण न्हाई म्हणायची न्हाई."

"मग रडता कशाला?" म्हणताना माझेच डोळे वाहायला लागले होते.

"तिची आई असती तर तिला सांगितलं असतं. गल्लीत कुणाला सांगू?" त्यांनी पेढा माझ्या हातावर ठेवला. "लोकाच्या पोरी बाराव्या-तेराव्या वर्षी शहाण्या होत्यात, ताई. माझी आज झाली."