गाडीतली गर्मी

ज्या वैशाखात सत्यशीलाचं लग्न झालं, त्याच सालच्या हिवाळ्यात तिच्या बापाच्या, त्रिंबकच्या, मोटारीचा हीटर गार हवा फेकू लागला. मोटार जुनी, मुलाने म्हणजे परमेश्वरने जालन्याहून आणलेली. तोच ती चालवायचा. हीटरचं बटण कोणतं, हे केदारखेड्यातल्या त्या घराला मार्गशीर्षापर्यंत ठाऊकही नव्हतं.

ठाऊक करून घ्यावं लागलं ते कडूबाईमुळे. कडूबाई त्रिंबकची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून भावाकडेच. दर संकष्टीला उजाडायच्या आत राजूरच्या गणपतीपुढे उभं राहायचं, हा तिचा नेम. त्या साली तिचा दमा उफाळला आणि कार्तिकातली संकष्टी हुकली. डॉक्टर म्हणाले, गार वारा छातीला लागू देऊ नका. म्हणून मार्गशीर्षात त्रिंबकने तिला शाल पांघरून गाडीत बसवलं आणि परमेश्वरने बटण लाल खुणेवर फिरवलं.

गाव मागे पडलं तशी कडूबाई म्हणाली, "परम्या, खिडकी लाव."

"लावलेलीच आहे, आत्या."

"मंग हे वारं कुठून येऊन राह्यलं?"

"हीटरमधून."

कडूबाईला खोकल्याची उबळ आली. गाडी तिथूनच माघारी फिरली. घरी आल्यावर तिने पाणी पिऊन सांगितलं, "पौषातली हुकली तर मी पायी निघते. रस्त्यात पडले तर उचलून आणा."

त्रिंबकला हे सोसण्यासारखं नव्हतं. लहानपणी तो तापाने फणफणला होता, तेव्हा मेंढरं राखणाऱ्या ह्याच बहिणीने आपली घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळून त्याला पाठीवर राजूरला नेलं होतं. स्वतः ती परकर-पोलक्यावर कुडकुडत चालली होती. आता तिला एकदा तरी उबेत राजूरला न्यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

परमेश्वरने आधी हवेचा रस्ता उघडला. आत उंदराचं घरटं निघालं. त्यात लग्नपत्रिकेच्या चिंध्या होत्या आणि सत्यशीलाच्या लग्नातल्या अक्षता होत्या. घरटं काढल्यावर हवा जोरात येऊ लागली. गारच, पण जोरात.

मग बापलेक जालन्याच्या मस्तगड भागात गेले. तिथे तातेराव गाडीच्या एसीची कामं करायचा. त्याने पुरतं ऐकून न घेता मान हलवली.

"गॅस कमी आहे. भरून देतो."

गॅस भरल्यावर त्याने त्रिंबकचा हात हवेपुढे धरला. "बघा काका, आता कशी बराबर गार येऊन राह्यली!"

"गार तर आधीच येत होती," त्रिंबक म्हणाला.

"अशी येत होती का?"

अशी येत नव्हती, हे त्रिंबकला कबूल करावं लागलं.

परतताना त्रिंबकने गाडी फाट्यावर संपत मिस्त्रीपुढे उभी करायला लावली. गाडी नेहमी संपतच दुरुस्त करायचा. पण इंजिन धड चालतंय, मग आतल्या हवेसाठी त्याला कशाला विचारायचं, असं त्रिंबकला वाटलं होतं. संपतने बॉनेट उघडून इंजिनावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

"मामा, जालन्याहून आले ना? इंजिन तर कोमटच आहे. इंजिनच तापंना तर हीटरला गर्मी कुठून मिळंल?"

"कामून तापंना?"

संपतने पाइपाजवळचं एक झाकण खोललं आणि तो आत डोकावला.

"वॉल न्हाई इथं."

"चोरी गेला काय?"

"न्हाई मामा. तुमीच काढायला लावल्ता. सत्यशीलाताईच्या लग्नानंतर."

त्रिंबकला आठवलं. लग्नाच्या दिवशी, भर उन्हात, सासरी निघालेल्या नवरीची हीच गाडी वाटेत उकळली होती. नवरा-नवरी मोसंबीच्या टेम्पोत बसून घरी पोचले होते, आणि व्याही हे अजून दर भेटीत सांगत होते. दुसऱ्याच दिवशी त्रिंबकने संपतला हुकूम सोडला होता, "हिच्यातली गर्मी मुळासकट काढ." संपतने इकडचे मिस्त्री उन्हाळ्यात करतात तेच केलं होतं. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा वॉल काढून टाकला होता. पुढे हिवाळा येणार, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

"मंग नवा टाक जल्दी."

"मागवावा लागंल. संकष्टी तर उद्यावर आली. जुना कुठं आहे? पितळ आहे म्हणून तुमीच खिशात घालून नेल्ता."

संपतला घेऊनच बापलेक घरी आले. जुना वॉल घरीच होता. देव्हाऱ्यात, गणपतीच्या तसबिरीपुढे. त्याच्या भोकात उदबत्ती खोचलेली होती, आणि राखेने त्याची स्प्रिंग भरली होती.

"अक्का, हे गाडीचं आहे," त्रिंबक हळूच म्हणाला.

"होतं. वैशाखापासून देवाचं आहे. हात लावू नको."

"तुलाच राजूरला न्यायचंय ना बाई!"

"देवाचं काढून देवाकडं न्यायचं? असं कुठं असतंय?"

संपतने मध्ये पडून सांगितलं, की आधी वॉल चालतो की नाही ते उकळत्या पाण्यात बघावं लागेल. चुलीवर चहाचं आधण होतं. कडूबाई उठून येईपर्यंत वॉल त्यात पडलाही होता.

"अरे, देवापुढलं उकडून राह्यले का! अन् तेही चहाच्या पातेल्यात!"

पण पाणी खळखळलं तसं वॉलने हळूहळू तोंड उघडलं. कडूबाईने बघितलं आणि हात जोडले. संपतने तो गार पाण्यात टाकला, तर तोंड मिटलं.

"बराबर आहे," संपत म्हणाला.

"घेऊन जा," कडूबाई म्हणाली. "पण थंडी सरली की परत आणून ठेवायचं. देवाला कळतंय समदं."

उदबत्ती केळात खोचली गेली, आणि संपतने रात्रीच वॉल गाडीत बसवला. पहाटे गाडी निघाली. थोड्या वेळाने पायांशी ऊब आली, मग गुडघ्यांशी, मग साऱ्या गाडीत. कडूबाईचा खोकला थांबला. मग बोलणंही थांबलं. राजूर आलं तेव्हा ती मान टाकून झोपली होती. कितीतरी रात्री तिने बसून काढल्या होत्या.

"आत्या..." परमेश्वरने हाक मारली.

त्रिंबकने त्याच्या दंडावर हात ठेवला. "झोपू दे. इंजिन बंद करू नको."

तो एकटाच आत गेला, दोघांच्या नावाने नारळ वाढवून प्रसाद घेऊन आला. उजाडलं तरी ती उठली नाही, तेव्हा गाडी घरी आणली. अंगणात ब्रेक लागला आणि कडूबाईने डोळे उघडले.

"आलं का राजूर?"

"आलं अन् गेलं, अक्का."

"मला उठवलं न्हाई?" ती कडाडली. "तुला पाठीवर नेल्तं तव्हा तूबी झोपलाच व्हता. पण देवापुढं हलवून उठवलं का न्हाई मी तुला?"



दुपारी पुन्हा राजूरला निघाले. ऊन चांगलं पडलं होतं, म्हणून हीटर बंद ठेवला. कडूबाई ताठ बसली, खोकली नाही, आणि गणपतीपुढे पोटभर उभी राहिली.

"उन्हाच्या वख्ती यायचं, हे आधीच का सुचलं न्हाई?" येताना परमेश्वर बोलून बसला.

पुढच्या दोन संकष्टींना कडूबाई पहाटेच गेली, उबेत, झोपू नये म्हणून वाटभर त्रिंबकला बोलत. चैत्र सरता सरता संपतने वॉल काढून दिला. त्रिंबकने तो धुऊन तसबिरीपुढे ठेवला आणि उदबत्ती खोचली. ते बघायला कडूबाई नव्हती. ती त्याच चैत्रात, रामनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी, घरीच वारली.