गोदाआत्याची बोटं

आमच्या वाडीत कोंबड्याच्या आधी गोदाआत्या वरडते. "झाकण काढ गं!" दार वाजवायचं ठाऊक नाय, सरळ आत येते, तांदळाच्या डब्यात हात खुपसते. "तीन बोटं!" म्हणजे तीन बोटं तांदूळ उरलाय. मग बालवाडीच्या भिंतीवर त्या घराच्या जागी कोळशानं तीन रेघा.

ती माझी सख्खी आत्या नाय, अख्ख्या वाडीची आत्या, एकटीच राहते. मागं कुठल्या संस्थेच्या बाई आल्या होत्या, म्हणाल्या पाऊस मोजा, बाजारभाव बघा, घरातलं धान्य मोजा, उपासमार आधीच कळते. त्या बाई परत आल्याच नाय. आत्या थांबलीच नाय.

तेलाचा डबा कापून छपरावर ठेवलाय, त्यात पाऊस मोजते. भाव बघायला आमच्या विचुंब्यावरनं चालत पनवेलच्या मार्केटात जाते. तांदूळ, डाळ, सुकट, सगळं विचारते, घेत काय नाय. एकदा सुकटवाली चिडली, "म्हातारे, रोज विचारतेस, घेशील कदी?"

"तू रोज सांगतेस, उतरवशील कदी?"

कुणाचा डबा दोन बोटांखाली गेला की ही ताट घेऊन घरोघर फिरते, मूठ मूठ तांदूळ जमवते.

आमी सगळी बिल्डिंगच्या कामावर जाणारी. या पावसात आठ दिस काम बंद, माझ्या डब्याचा तळ दिसायला लागला, बाळ आठ महिन्यांचं, अंगावरचं दूध आटत चाललेलं, मला नुसती धडकी. पण भिंतीवर माझी एकच रेघ दिसली तर बाया म्हणतील, हिला पोर सांभाळता येत नाय. म्हणून मी डब्यात स्टीलचा वाडगा उपडा घातला आणि वरनं तांदूळ पसरला. आत्या हात खुपसते, हे घाबरलेल्या डोक्याच्या ध्यानातच आलं नाय.

सकाळी आत्यानं हात घातला. टण्ण!

मी भिंतीला टेकले. आत्यानं माझ्याकडं बघितलं, बाळाचा दंड चिमटीत धरून बघितला, मग दारात जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशी वरडली, "चार बोटं!"

दुपारी ताटात तांदूळ घेऊन आली.

"कुणाकडनं आणलास?"

"मोजायचं काम माजं. तू रांध." जाता जाता कानाशी आली, "वाडगा वाजतो, येडे. करवंटी घालायची."

संध्याकाळी ताट परत द्यायला गेले. आत्या घरामागं छपरावरचा पावसाचा डबा उतरवत होती. तिचा तांदळाचा डबा समोरच. मनात आलं, हिचं झाकण कुणी काढलंय का कदी? काढलं. वर तांदूळ दिसला, हात घातला. आवाज नाय आला. बोटांना खरखरीत करवंटी लागली.

रातभर बाळाला छातीशी धरून जागी होते. सकाळी त्याला कडेवर घेतलं आणि आत्याच्या आधी आत्याच्या दारात.

"आत्ये, झाकण काढ!"

"भवाने, माजं कोण मोजतंय?"

"मी मोजतेय."

करवंटी बाहेर काढून मी डबा मोजला. एक बोट पण भरलं नाय. आत्या पदरानं डबाच पुसत बसली, वर बघेना.

भिंतीवर तिच्या घराला जागाच नव्हती. कोळशानं मी जागा केली, अर्धी रेघ मारली. आत्याच्या तांदळानं माझा डबा दोन बोटांवर आला होता, म्हणून माझ्या चारातल्या दोन रेघा तळहातानं पुसल्या, सगळ्या बाया बघत असताना. मग ताट उचललं आणि पहिल्या घरात घुसले, दार न वाजवता.