भर समुद्रात कुलूप

"माणूस पाण्याखाली, बॅग वर बोटीत! परदेशातल्या चोराला आणखी काय हवं?" कुलूपवाले म्हणाले.

हॉटेलच्या खोलीत त्यांची बायको पाण्याखालचा चष्मा पुसत होती. ती पोहायला शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. जन्मभर तलावाच्या निळ्या फरशीकडे बघून झाल्यावर एकदा खरा समुद्र आतून बघायचा, एवढीच तिची हौस होती. त्यासाठी तिनं नवऱ्यालाही वर्षभर गोडीगुलाबीनं, प्रसंगी डोळे वटारून, पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलं होतं. नवऱ्याचं चित्त मात्र कायम कडीकोयंड्यात. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला निघाले, तेव्हाही गृहस्थ दार नीट लागलंय का बघायला अर्ध्या वाटेवरून परत गेले होते.

"अहो, आज एकदा तरी कुलूप सोडून दुसरं काहीतरी डोळे भरून बघा. माझ्यासाठी."

"बघतो की. पण बंदोबस्त करून."

बोट खाडीबाहेर जाऊन थांबली. इंजिन बंद करून बोटवाला टोकाशी पेंगू लागला. पाण्याखाली नेणारी शिक्षिका एकेका पाहुण्याच्या पाठीवर हवेची टाकी चढवत होती. तेवढ्यात कुलूपवाल्यांनी हळूच साखळी काढली. पासपोर्ट त्यांच्या बॅगेत होते, पण शेजारधर्म म्हणून काही असतोच ना? त्यांनी दिसली ती प्रत्येक बॅग साखळीत ओवली, साखळी बाकाच्या लोखंडी पायाला गुंडाळली आणि स्वतःच्या हातानं घडवलेलं कुलूप खटकन लावलं.

"चोराच्या बापालाही उघडणार नाही," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी किल्ली मनगटाला बांधली.

खाली गेल्यावर पहिल्यांदा त्यांनी किल्लीच चाचपली. मग वर बघितलं, आणि बघतच राहिले. एक पाकट मासा येत होता. दुकानाच्या शटरएवढा, काळा, पोटाशी पांढरा. दोन्ही पंख सावकाश हलवत तो त्यांच्या डोक्यावरून निघाला, तेव्हा वरचा उजेड क्षणभर झाकला गेला. कसला आवाज नाही, कसली घाई नाही. एवढं मोठं जनावर असं उघड्यावर, कुणाच्याही राखणीशिवाय हिंडतंय! कुलूपवाल्यांचा ऊर भरून आला. दोन्ही हात आपोआप वर गेले, आणि मनगटावरून दोरी कधी निसटली ते त्यांना कळलंही नाही.

वर आल्यावर कळलं.

"माझा टॉवेल या साखळीत का आहे?" एका पाहुणीनं विचारलं.

"तुमच्याच भल्यासाठी," कुलूपवाले म्हणाले. मग रिकामं मनगट चाचपू लागले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"किल्ली गेली."

"ठीक आहे, किनाऱ्यावर जाऊन तोडू," शिक्षिका म्हणाली. पण बोटवाल्याचा चेहरा पडला होता. इंजिनाची किल्ली त्याच्या पिशवीत होती आणि पिशवी साखळीत होती. त्यानं निमूटपणे वायरलेसवर मदत मागितली. सगळे ओलेचिंब कुडकुडत बसले. कुलूपवाल्यांनी बायकोची केसांची पिन मागून घेतली आणि कुलपापाशी मांडी ठोकली. त्यांची पिन बराच वेळ चालली, तरी कुलूप काही हलेना.

मदतीला आली ती पोलिसांची गस्तीची बोट. बोटींवरच्या चोऱ्यांनी ते आधीच जेरीस आले होते. त्यातून समोर दिसलं काय, तर साखळीत सगळ्यांच्या बॅगा आणि कुलपात पिन घालून बसलेला माणूस.

"पासपोर्ट दाखवा," अधिकारी म्हणाला.

"बॅगेत आहे."

"मग बॅग उघडा."

"किल्ली समुद्रात आहे."

"चोर आहे म्हणावं, तर बोटीवरूनच मदत मागितलीय," अधिकारी वैतागून म्हणाला. "चला, चौकीवर बोलू."

"साहेब, हे चोर नाहीत हो!" बाई रडवेल्या झाल्या. "कुलुपं बनवतात. हे कुलूपही यांचंच आहे."

"मग उघडून दाखवू दे."

कुलूपवाल्यांनी एक सुस्कारा सोडला. पिन जराशी वाकवली, आत सरकवली, आणि कुलूप टकदिशी उघडलं.

पासपोर्ट बघून पोलीस गेले. पाहुणे टॉवेलांवर तुटून पडले. बाई मात्र नवऱ्याकडे एकटक बघत होत्या.

"हे तुम्हाला आधीच उघडता येत होतं?"

"आपलंच कुलूप आहे, न यायला काय झालं?"

"मग एवढा वेळ काय करत होतात?"

कुलूपवाले पाण्याकडे बघत ओशाळून म्हणाले, "उघडलं असतं तर बोट निघाली असती गं. मला वाटलं, तो पाकट परत येईल."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या नवऱ्याशेजारी टेकल्या.

"माझी पिशवी कुणी बघितली का?" बोटवाला बाकांखाली वाकून शोधत होता.

"शोधा, शोधा," बोटवाल्याची पिशवी पायानं आणखी आत सारत बाई म्हणाल्या. "आम्हाला काही घाई नाही."