श्रीमंतांचें नाक आणि करपलेले काजू

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. चुलीचा देव आणि देव्हाऱ्याचा देव उभयतांस नमस्कार करून, शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं ओट्याच्या राज्यावर जो प्रसंग गुदरला त्याचें वर्तमान यथामति लिहितों. लिहिणारा राज्याच्या पदरचा जुना माणूस, दिवाणखान्यांतल्या एका खुर्चीचा हक्कदार, बाकी कांहीं नाहीं. नांव विचारूं नये. हें लिहावें ऐसी कोणाची आज्ञा नाहीं, किंबहुना लिहूं नये ऐसीच सर्वांची इच्छा. परंतु मनांत ठेवून जीव गुदमरतो, म्हणोन लिहितों. वाचणारांस हसूं आलें तर आधींच हसून घ्यावें, पुढें तें राहणार नाहीं.

हें राज्य लहान. पूर्वेस खिडकी, पश्चिमेस फ्रिज, उत्तरेस भांडीं घासावयाची जागा, दक्षिणेस दिवाणखाना, आणि मधोमध काळ्या दगडाचा ओटा. रोजचा अंमल सर्व बाईसाहेबांचा, म्हणजे श्रीमंतांच्या पत्नी इंदुमतीबाई यांचा. वरणभात त्यांचा, भाजी त्यांची, दुधावरची साय त्यांची, आणि चहांत साखर किती हेंही त्याच ठरवीत. श्रीमंत नीळकंठराव बाहेरच्या कचेरींत मोठे हुद्देदार होते, तेथून पेन्शन घेऊन घरीं आले तों ओट्यावर त्यांचे शब्दास कोणी भीक घालीना. परंतु एक गोष्ट त्यांजकडे इनाम होती, ती म्हणजे तिखट-गोड दाणे. काजू, बदाम आणि शेंगदाणे मंद आंचेवर भाजावे, मग गुळाचा पाक करून त्यांत घोळवावे, वर तिखट, मीठ आणि जिऱ्याची पूड भुरभुरावी, मग तूप लावल्या ताटांत पसरून दाण्यापासून दाणा सोडवावा. हें ऐकावयास सोपें, आणि करावयास बसलें म्हणजे नाकीं नऊ येतात. श्रीमंतांची रीत सर्वांहून निराळी होती. ते घड्याळ पाहत नसत आणि दाण्याचा रंगही पाहत नसत; डोळे लबाड, काजू वरून गोरा दिसतो आणि आंतून जळालेला असतो, ऐसें त्यांचें मत. म्हणोन ते डोळे मिटून कढईपुढें उभे राहत, हातानें झारा फिरवीत, आणि खमंग वास नेमक्या जागीं आला म्हणजे डोळे उघडून कढई खालीं उतरवीत. त्यांनीं कायदाच केला होता की भाजणी चालूं असतां ओट्यापाशीं कोणीं बोलूं नये, बोलण्यानें नाकाचें लक्ष उडतें. तो कायदा बाईसाहेबांनींही पाळावा आणि आम्हींही पाळावा, आणि ताट पुरतें निवण्यापूर्वीं शेजारचे वाट्या घेऊन दारांत उभे राहावे. अवघ्या राज्याची अब्रू त्या एका नाकावर उभी होती, आणि श्रीमंतही त्या दिवशीं नाक वर करून चालत, तें त्यांस शोभत असे.

मग त्या सालीं भाद्रपदांत श्रीमंतांस ताप आला. ताप आला तसा गेला, परंतु जातां जातां वास घेऊन गेला. हें आम्हांस मागाहून कळलें, तें येथें आधींच सांगतों, कारण वाचणारास फसवून काय मिळवावयाचें आहे. श्रीमंतांनीं हें कोणास सांगितलें नाहीं, वैद्यासही नाहीं. पानावर बसले म्हणजे फोडणीच्या वरणावर वांकून "वा" म्हणत, आणि त्यांस फोडणी जिऱ्याची की मोहरीची तेंही कळत नसे. एके दिवशीं नासलेल्या दुधाचा चहा त्यांनीं मुकाट पिऊन टाकिला. बाईसाहेब दारांत उभ्या होत्या, त्यांनीं पाहिलें, आणि मागच्या मागें फिरल्या. आणि रोज सकाळीं, घरांत कोणी उठण्यापूर्वीं, स्वयंपाकघराचें दार लावून श्रीमंत हिंगाची डबी उघडीत आणि त्यांत नाक खुपसून उभे राहत. ज्या हिंगाच्या वासानें भिंतीपलीकडचा मनुष्य जागा होतो, तो हिंग त्यांस मातीसारखा लागे. मग डबी बंद करून ते देव्हाऱ्यापुढें बसत आणि उद्यां येईल ऐसें मनास सांगत. ऐसें करतां करतां दिवाळी गेली. त्या दिवाळींत खांदा दुखतो ऐसें निमित्त सांगून त्यांनीं दाणे केले नाहींत, आणि आम्हीं तें खरें मानिलें.

मार्गशीर्षांत राजकन्या अनघाताई सासरहून माहेरीं आल्या. त्यांस पांचवा महिना, पहिलें बाळ, आणि पोटांत अन्न म्हणून ठरत नव्हतें. नाक तर ऐसें तिखट जाहलें होतें की खालच्या मजल्यावर कोणी लसूण सोलला तरी येथें ताईंनीं खिडकी लावून घ्यावी. पोळी नको, भात नको, वैद्यीणबाई वजन पाहून रागें भरत, आणि बाईसाहेब नाना पदार्थ करीत आणि झांकून ठेवीत. मग एके दुपारीं ताईंस डोहाळा जाहला. चिंच मागितली नाहीं, आवळा मागितला नाहीं, म्हणाल्या की बाबांच्या हातचे तिखट-गोड दाणे हवे, आणि आईनें करूं नयेत, बाबांनींच करावे. हें ऐकून बाईसाहेबांचें तोंड उतरलें. श्रीमंतांस एकदम आनंद जाहला आणि त्याच क्षणीं भीतीही वाटली. त्या वेळीं खरें सांगतां आलें असतें. परंतु लेकीनें आजवर मागितलें तें दिलें, आतां पोटुशी लेक एक मूठ दाणे मागते, तिला कोणत्या तोंडानें नाहीं म्हणावें. शिवाय माणसाचें मन वेडें. त्यांस वाटलें की हिच्यासाठीं म्हणून तरी वास परत येईल.

मग श्रीमंत ओट्यावर चालून गेले. जाड बुडाची कढई चढविली, आंच मंद केली, आणि आघाडीस शेंगदाणे, त्यांचे पाठीवर बदाम आणि शेवटीं काजू ऐसें सैन्य उतरविलें. ताई दारांतल्या खुर्चीवर बसल्या, बाईसाहेब फ्रिजला टेकून उभ्या राहिल्या, आम्ही ताईंचे खुर्चीमागें. श्रीमंतांनीं डोळे मिटले आणि झारा फिरूं लागला. कायद्याप्रमाणें सर्व गप्प. थोड्या वेळानें शेंगदाण्याचा वास सुटला, मग बदामाचा, आणि मग तो खमंग वास आला ज्यासाठीं शेजारी वाट्या घेऊन येत. तोंडास पाणी सुटलें. आतां डोळे उघडतील, आतां कढई उतरेल, ऐसें म्हणेपर्यंत वास पुढें गेला, आणि झारा फिरतच राहिला. ताईंस करपट वास सर्वांआधीं आला, परंतु बाबांचें नाक आजवर चुकलें नाहीं, तेव्हां ह्या वेळीं जरा जास्त भाजावयाचा बेत असेल ऐसें त्यांनीं धरलें. आम्हीं म्हटलें, ज्याचें इनाम त्यास अक्कल सांगणारे आम्ही कोण. आणि बाईसाहेबांस सर्व ठाऊक होतें, नासलेलें दूध त्यांनीं पाहिलें होतें, परंतु लेकीसमोर नवऱ्याचें नाक कसें कापावें म्हणोन त्यांनीं पदर तोंडाशीं धरिला आणि जमिनीकडे पाहत राहिल्या. धूर निघाला. काजू तपकिरी जाहले, मग काळे जाहले, आणि श्रीमंत डोळे मिटून, मान किंचित पुढें करून, दारावरच्या पाहुण्याची वाट पाहावी तसे उभे होते. चेहऱ्यावर केवढी आशा होती. तो चेहरा आम्हीं पाहिला, आणि न पाहतां आला असता तर फार बरें जाहलें असतें. मग ताईंस उमासा आला, त्या तोंडावर ओढणी दाबून धांवल्या, न्हाणीघरांतून त्यांच्या ओकाऱ्यांचा आवाज ऐकूं आला, आणि त्या आवाजानें श्रीमंतांनीं डोळे उघडिले.

पराभव जाहला म्हणजे फितूर शोधावा लागतो. श्रीमंत म्हणाले की कढईचें बूड पातळ जाहलें आहे, गॅस मोठा जळतो, आणि काजू दुकानदारानें जुने दिले. आम्हीं तिन्ही गोष्टींस मान डोलाविली. बाईसाहेबांनीं कढई घासून दिली, उरले होते ते दाणे काढिले, आणि दुसरी मोहीम निघाली. ह्या खेपेस श्रीमंतांनीं डोळे उघडे ठेविले. परंतु ज्या डोळ्यांस त्यांनीं जन्मभर लबाड म्हटलें ते आतां एकाएकीं काय साह्य करणार. चष्म्यावर वाफ धरली, आणि करपण्याच्या धास्तीनें त्यांनीं दाणे अर्धेकच्चे असतांच उतरविले. पाकही त्याच धास्तीनें लौकर काढिला. मग तिखट भुरभुरून ताटांत पसरले तों दाण्यास दाणा चिकटून एकच ढेप जाहली. ती श्रीमंतांनीं बोटें भाजून घेत हातानें फोडिली, वाटींत घातली, आणि स्वतः ताईंपुढें नेऊन धरिली. ताईंनीं एक बदाम उचलून तोंडांत घातला. त्या दाण्यांचा दांताखालीं कुडूम ऐसा आवाज होत असे, तो दिवाणखान्यांतही ऐकूं येत असे. आम्ही सर्व तो आवाज ऐकावयास थांबलों, आणि तो आला नाहीं.

"छान झालेत, बाबा," ताई म्हणाल्या.

श्रीमंतांनीं वाटी खालीं ठेविली. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "अनू, तापानंतर मला कसलाच वास येत नाही."

बाईसाहेब हळू म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज दार लावून हिंगाची डबी उघडत होता. मला वाटलं, येईल. येईपर्यंत कशाला कुणाला कळायला हवं."

मग ताईंनीं वडिलांचा हात धरिला आणि तोड काढिली, की तिसऱ्या वेळेस आपण कढईशीं उभें राहावें, वास आला की आतां म्हणून सांगावें, बाबांनीं उतरवावें. घरांत सध्यां आपल्याएवढें नाक कोणाचें आहे. तोड चांगली होती. परंतु करपट धूर अद्याप छताशीं होता, ताई उठून ओट्याकडे निघाल्या तों पुन्हा उमासा येऊन त्यांस भिंत धरावी लागली. श्रीमंतांनीं त्यांस आणून बसविलें आणि मान हलविली.

"दाण्यांचं राहू दे गं," ते म्हणाले. "तू झालीस तेव्हा तुला माझ्या मांडीवर दिलं होतं. तुझ्या टाळूचा वास अजून माझ्या लक्षात आहे. तेल, वेखंड, आणि त्याच्याखाली तुझा. आता हे बाळ मांडीवर देतील, मी खाली वाकेन, आणि मला काहीच कळणार नाही."

बाईसाहेब ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आमचा तर राग राग जाहला. कोणावर तें कळेना, तापावर म्हणावें तर ताप केव्हांच गेला होता. ताईंनीं वाटी मांडीवर घेतली आणि ते कच्चे, चिकट, मऊ दाणे एकामागून एक खाल्ले, वाटी रिकामी होईपर्यंत खाल्ले, आणि तें अन्न त्या दिवशीं पोटांत ठरलें. ही एवढी एक गोष्ट बरी जाहली, परंतु श्रीमंतांस तिचा आनंद जाहला नाहीं. त्यांनीं रिकामी वाटी नाकाशीं नेली, क्षणभर तशीच धरिली, आणि घासावयास टाकिली.

सारांश, राज्य जागच्या जागीं आहे, कोणी परका येऊन बसला नाहीं, ओटाही तोच. भाजणीच्या वेळीं बोलूं नये हा कायदा रद्द जाहला, कारण भाजणीच राहिली नाहीं. कढई घासून घासून झिजली, तरी तळाशीं काळा डाग आहे तो आहेच. घडलें तें घडलें तसें लिहिलें, चुकलें असेल तें आमचें. श्रीमंत अद्याप रोज सकाळीं हिंगाची डबी उघडतात. पूर्वीं दार लावून उघडीत, आतां लावीत नाहींत. बाईसाहेब चहाचें आधण ठेवून शेजारीं उभ्या राहतात आणि विचारतात, "आला का?" आणि श्रीमंत डबीचें झांकण लावतात.