साहेबांची बदली

ऐक, नुसतं ऐक! मध्ये ‘मग? मग?’ करू नकोस, सगळं विस्कटतं माझं. भिंगरीला ससा विकायचा होता आणि भिंगरीला ससा विकायचा नव्हता. एवढीच गोष्ट, पण झालं काय बघ.

पायाला भिंगरी लागल्यासारखी हिंडते, म्हणून ती भिंगरी. शाळेच्या प्राणी-मंडळातून तिला सशाचं पिल्लू मिळालं होतं, ओंजळीत मावेल एवढं. खाऊन खाऊन त्याचं कलिंगड झालं. नाव साहेब. दिवसभर बसायचं, चरायचं आणि कुणी समोर आलं की पाठ फिरवायची, म्हणून साहेब! पण भिंगरी शाळेतून आली, कुलपात किल्ली फिरली, की हेच साहेब पिंजऱ्यात मागच्या पायांवर उभे. बाबा छापखान्यात, आई शिवणाच्या कारखान्यात. बंद घरात तिची वाट बघणारं तेवढंच एक माणूस होतं, आणि ते ससा होतं.

मंडळाचा नियम असा, की पाळायचं, प्रदर्शनात मांडायचं आणि तिथंच विकायचं. त्या पैशांतून पुढच्या मुलांना पिल्लं. “जीव लावायचा, पण अडकवायचा नाही,” असं मंडळाच्या बाई म्हणायच्या. बाईंच्या घरी साधी मांजरसुद्धा नव्हती, त्यांचं काय जातंय!

पण बाईंनीच आणखी एक नियम केला होता. गिऱ्हाइकाला मुलांनी प्रश्न विचारायचे, उत्तरं पटली तरच प्राणी द्यायचा. नाही पटली तर तो मुलाकडेच राहणार, कुणी जबरदस्ती करायची नाही. हे ऐकलं आणि भिंगरीचे डोळे असे लकाकले म्हणतेस! झालं, ठरलं. कुणालाच पास करायचं नाही.

प्रदर्शनात पहिले आले बेकरीवाले काका. “दुकानाच्या काचेत बसवीन. लोक थांबतील बघायला.”

“आणि त्याला काय वाटेल?”

“त्याला काय वाटायचंय? फुकट बसायचंय!”

“नापास.”

मग एक गॉगलवाल्या मावशी. “आमच्या सोन्याला वाढदिवसाला हवाय गं.” सोन्या तोवर शेजारच्या टेबलावरचं बदक मानेला धरून उचलत होता.

“नापास.”

“अगं, मी अजून काही बोललेसुद्धा नाही!”

“तुम्ही नाही, पण तो बोलला.”

बँकेतले साहेब आले. खरे साहेब, टाय लावलेले. “दिवसभर घरी कोण असतं?” भिंगरीनं विचारलं.

“कामाच्या बाई येतात ना.”

“त्या बोलतील त्याच्याशी?”

“त्या आमच्याशी बोलत नाहीत!”

नापास. आता तुला वाटेल, इतकी माणसं हात हलवत गेल्यावर बाकीची फिरकणार नाहीत. छे! माणसांचं उलटंच असतं. मिळत नाही म्हटल्यावर प्रत्येकाला तोच हवा. “काहीतरी खास जात असणार,” एक जण कुजबुजला. “परदेशी आहे,” दुसरा म्हणाला. तिसऱ्यापर्यंत ससा विमानानं आलेला होता! रांग दारापर्यंत गेली. परीक्षकांनी गर्दी बघून साहेबांना पहिला नंबर देऊन टाकला, मग रांग दाराबाहेर. बेकरीवाले काका पुन्हा येऊन उभे, “काचेला पडदा लावतो, चालेल?” शेजारच्या टेबलावरचा, बदक विकायला आणलेला मुलगा रडकुंडीला आला, त्याच्याकडे कुणी बघेना. बाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या, “भिंगरे, कुणाला तरी पास कर गं!”

“नियम तुमचाच आहे, बाई.”

बाबा मागे रिकामी पिशवी धरून उभे. पिंजऱ्यानं गॅलरी अडते म्हणून रोज कुरकुर करणारे बाबा, आणि प्रत्येक ‘नापास’ला गालातल्या गालात हसत होते!

रांगेच्या शेवटी घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा होते. “मी दिवसभर घरातच असतो,” त्यांनी सुरुवात केली. “काम घरात, खिडकीपाशी. काचेत बसवणार नाही. घरात लहान मूल नाही. आणि मी त्याच्याशी बोलेन. घड्याळांशी बोलतोच.”

“मी अजून विचारलंच नाही!”

“रांगेत उभा होतो ना, पोरी. सगळ्यांच्या चुका पाठ झाल्या.”

“म्हणजे कॉपी!”

“कॉपी खरी. पण उत्तरंही खरीच आहेत.” मग ते वाकले, अगदी हळू म्हणाले, “आता मी एक विचारू? तुमच्याकडे दिवसभर कोण असतं?”

भिंगरीनं तोंड उघडलं. बाबांकडे बघितलं, तर बाबा स्वतःच्या चपला बघत होते. एवढा गलका होता हॉलमध्ये, पण तिला ऐकू आलं ते कुलूप. सकाळी लागायचं ते.

“कुणीच नाही,” ती म्हणाली. आणि मग, कुणी ढकललं नसताना, तिनंच पिंजऱ्याचं दार उघडलं. “पास.”

घरी जाताना बाबांनी भाजीवाल्याकडून नेहमीसारखा गाजराचा पाला घेतला. “बाबा, कुणासाठी?” बाबा म्हणाले, “अरेच्चा!” आणि तरी पिशवीत टाकला. आई म्हणाली, “चला, कपडे वाळत घालायला जागा झाली.” पण त्या कोपऱ्यात कुणीच कपडे घातले नाहीत. किल्ली फिरवून भिंगरी रोज दारातच जरा थांबायची, उगाच.

शेवटी एकदा पाला घेऊन गेली आजोबांकडे. धापा टाकत, जिना चढून. साहेब खिडकीपाशी गादीवर, आणखी जाड झालेले. तिनं हाक मारली. साहेबांनी बघितलं आणि सावकाश पाठ फिरवली.

“झोप झाली नसेल त्याची,” आजोबा घाईघाईनं म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले. परत येताना त्यांच्या चपलेचा आवाज झाला मात्र, साहेब मागच्या पायांवर उभे!

भिंगरी पाणी प्यायली. तिनं पाला आजोबांच्या हातात दिला. “पास आहात अजून,” म्हणाली, आणि पहिल्यांदाच, एकेक पायरी, चालत जिना उतरली.

आता बोल. तू दिला असतास?