जावयाचे पाच फुगे

हडपसरच्या जत्रेत नव्या जावयाने फुगेवाल्या गोदाबाईंच्या बंदुकीने पाच गोळ्यांत पाच फुगे फोडायचे, असा मथुराबाईंच्या माहेरचा रिवाज होता. जमलं तर मानाचा नारळ, चुकलं तर जन्माचं टोपणनाव. वरच्या आळीचे एक जावई गेली कित्येक वर्षं ‘फुसका बार’ म्हणूनच ओळखले जात. त्यांचं खरं नाव आता फक्त त्यांच्या आधार कार्डाला ठाऊक होतं.

यंदा पाळी मथुराबाईंच्या जावयाची, म्हणजे साईनाथची होती.

“नारायण पेठेत असलं काही नसतं,” साईनाथ बायकोला म्हणाला.

“तिथे जावयाला नुसतं बोलून मारतात,” ऋतिका म्हणाली. “इथे निदान बंदूक तुझ्या हातात असते. पण चुकू नकोस हं. मला इथे जन्मभर यायचंय.”

सासरे संभाजीराव याच गावचे जावई आणि आता इथलेच रहिवासी. तीस वर्षांपूर्वी त्यांनी पाचच्या पाच फुगे फोडले होते. “काय हात बसला होता त्या दिवशी!” हे पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकावं लागे. त्यानंतर त्यांच्याकडून एकही फुगा फुटला नव्हता, पण तो दोष बंदुकीचा. ती म्हणे एक वीत उजवीकडे मारायला लागली होती.

जत्रेच्या दिवशी सकाळीच साईनाथ पान्हा, पेचकस आणि ग्रीसची डबी घेऊन गोदाबाईंकडे हजर झाला. त्याने एक गोळी मारून पाहिली. बंदूक झणझणली, दातांपर्यंत हादरा बसला आणि गोळी उजवीकडे गेली.

“आजी, स्प्रिंगची बंदूक आहे ही. गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच हिला धक्का बसतो. त्यात पेच ढिले, स्प्रिंग कोरडी. थरथरते किती!”

“वय झालंय तिचं. थरथरनारच,” गोदाबाई फुगा फुगवता फुगवता म्हणाल्या.

साईनाथने पेच आवळले, स्प्रिंगला दाट ग्रीस लावलं आणि नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी जराशी उजवीकडे सरकवली. आता चाप ओढला की नुसतं ‘ठप्’. दोन गोळ्यांत दोन फुगे फुटले. स्वारी खुशीत घरी गेली.

दुपारी उपरण्याखाली हातोडी लपवून संभाजीराव आले.

“गोदाअक्का, जावई पेठेतला हाय. अभ्यासू पोरगा. पोराला नाव पडाया नको.” आणि त्यांनी माशीला उजवीकडे टकटक दोन ठोके दिले.

“अवो दाजी, सकाळीच तर—”

“कुनाला बोलू नका!” म्हणत ते निघूनही गेले. गोळी मारून बघायची त्यांना गरज वाटली नाही. बंदुकीशी तीस वर्षांची ओळख होती.

संध्याकाळी मोठी गर्दी जमली. साईनाथची पहिली गोळी फुग्याच्या एक वीत डावीकडे गेली.

“घट्ट धरा, जावईबापू!” संभाजीराव ओरडले.

“घट्ट धरली की नेम बिघडतो, पप्पा. हलक्या हातानेच धरायची असते.”

“मग हलकी धरा! पन लागू द्या!”

पाचही गोळ्या फळीवर एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळजवळ बसल्या, सगळ्या डावीकडे. फुगे मजेत डुलत राहिले.

“पेठेत फुगे डावीकडं बांधतात वाटतं!” गर्दीतून आवाज आला. ऋतिकाचा चेहरा उतरला.

संभाजीरावांनी बंदूक हिसकावली, नेम धरला, चाप ओढला. गोळी डावीकडेच गेली.

“आयला! ही डावीकडं कशी मारतीय?”

“सकाळी तर मी सरळ केली होती,” साईनाथ पुटपुटला.

“तुमी? अन् मी दुपारी केली!”

साईनाथला सासऱ्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

“म्या सांगतच हुते,” गोदाबाई हळूच म्हणाल्या. “तुमी दोघांनी बंदूक सुधारलीया म्हनून तर म्या यंदा टाचनी मागितली न्हाई.”

“कसली टाचनी?” संभाजीरावांनी विचारलं.

“अवो, जावई काय नेमानं फोडत्यात व्हय? फळीला भोकं कशापायी हायती? मागं बसून टोचायचं. टाचनी नवरीनं गुपचूप द्यायची.”

“आन तो फुसका बार?”

“त्याचं त्या दिवशी बायकोसंगं भांडान झालं हुतं.”

संभाजीरावांचा आवाज एकदम बारीक झाला. “आन माझे पाच?”

मागे उभ्या मथुराबाईंनी पदर नीट केला. “माझ्या पदराची टाचणी होती. लग्नातली. वाकली ती त्या दिवशी.”

तीस वर्षं संभाजीराव बायकोला हीच गोष्ट सांगत होते, आणि तीस वर्षं ती ऐकत होती. ऋतिकाने मुकाट्याने खांद्यावरची टाचणी काढली आणि गोदाबाईंच्या मुठीत ठेवली.

“घसा कोरडा पडला बया, पानी पिऊन येते,” म्हणत गोदाबाई फळीमागे गेल्या.

संभाजीराव गर्दीकडे वळले. “हा डाव बंदुकीचा झाला! आता जावयाचा!” आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बंदूक भरून दिली.

एक, दोन, तीन, चार फुगे फुटले. पाचवा तर साईनाथने चाप ओढायच्या आधीच फुटला.

“वा!” सगळ्यांच्या आधी टाळी वाजवत संभाजीराव ओरडले. “काय हात बसलाय पोराचा!”