तोंड रस्त्याकडे

फौजीकाकांच्या घरी पाहुणा आला की चहाचं आधण ठेवायच्या आत काका उठून बाहेर जात आणि पाहुण्याच्या चपला फिरवून ठेवत. टाचा घराकडे, तोंड रस्त्याकडे.

मी लग्न होऊन समुद्रपूरला आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला शेजारी नमस्काराला पाठवलं. मी बसले, आणि समोरच्या दारातून दिसलं की एक मिशीवाले गृहस्थ माझ्या नव्या कोऱ्या चपला उचलून बाहेरच्या दिशेने लावतायत. याहून स्पष्ट कसं सांगायचं असतं माणसाला! मी चहा न घेताच उठले आणि घरी येऊन रडले.

"काऊन रडून राह्यली वं?" सासूबाई म्हणाल्या. "कलेक्टर आला तरी त्याच्याबी फिरवते तो. चाल, चहा घेऊन ये."

काका सैन्यात ड्रायव्हर होते. सगळी उमर डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक चालवण्यात गेली. हवालदार होऊन परतले ते एक जुनी जीप आणि एक ठाम मत घेऊन. उभी असलेली कुठलीही वस्तू निघायच्या तयारीत उभी पाहिजे, हे ते मत. त्यापुढे सायकल, बैलांची बंडी, बाळाची ढकलगाडी असा भेदभाव नव्हता. मुलीच्या लग्नात नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी त्यांनी स्वतः बसून फिरवून लावली. वरमाय रुसली. काकांनी तिची समजूत काढली, आणि ती बोलत होती तेवढ्यात तिच्या चपलाही फिरवल्या.

घरात मात्र हा माणूस लोण्यासारखा. काकूंसाठी लसूण सोलायचा, नातीच्या वेण्या घालायचा. वेण्या फौजी पद्धतीने घट्ट असत, त्यामुळे नात शाळेत दिवसभर आश्चर्यचकित दिसायची.

आमची गल्ली पुढे बंद आहे. रुंदी अशी की जीप आत येते, पण वळत नाही. म्हणून काका रस्त्यावरूनच जीप उलटी घेत घेत थेट घरापर्यंत आणत. "जातानी घाई असते, येतानी नसते," ते सांगत. "मंग जे कठीण हाय ते येतानीच करून ठेवाचं."

आणि हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला आलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. फी काही नाही, जीप त्यांची, डिझेल त्यांचं, आरडाओरडाही त्यांचाच. बायकाच का, असं मी एकदा विचारलं.

"माणूस कामाच्या वक्ती घरी नसतेच," ते म्हणाले.

माझे यजमान एसटीत कंडक्टर. मी वाद घातला नाही.

शिकवणी उन्हाळ्यात सुरू व्हायची, कारण तेव्हा गल्लीच्या दोन्ही बाजूंना काकूंच्या कुरडया खाटांवर वाळत असत. त्यांच्यामधून जीप उलटी आणायची. क्लच, ब्रेक समजले की लगेच मागचा गियर. पुढे जाणं काका शेवटी शिकवत. "समोर तं बंडीबी जाते. तू मांगं घे." ते मागे शिटी घेऊन उभे. "येऊ दे, येऊ दे... आरशात पाह्य! माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यली?"

खाटेला धक्का लागून कुरडया मातीत गेल्या, तर दुसऱ्या दिवशी काकूंकडे जाऊन गव्हाचा चीक घोटायचा, ही शिक्षा. त्या उन्हाळ्यात मी जीप कमी चालवली आणि चीक जास्त घोटला. गल्लीतल्या सगळ्याजणी अशाच शिकल्या. काकूंना कुरडयांच्या दिवसांत मदतीला माणूस कधी कमी पडला नाही. शेवटी एकदा माझी जीप खाटांना न शिवता भिंतीपर्यंत आली. काकांनी शिटी खिशात ठेवली. "पास," एवढंच म्हणाले, आणि काकूंना माझ्यासाठी कुरडया तळायला लावल्या.

नंतरच्या एका उन्हाळ्यात, भर दुपारी, काकूंची हाक आली. काका ओसरीवर छाती धरून बसले होते, घामाने थबथबलेले. गल्लीत पुरुष एकही नव्हता. जीपची किल्ली नेहमीप्रमाणे दाराच्या खिळ्याला, आणि जीप तोंड रस्त्याकडे करून उभी. दोघींनी धरून काकांना मागे झोपवलं आणि मी निघाले. एक खाट जरा पुढे आली होती. ती सरळ उडाली.

"कुरडया!" मागून क्षीण आवाज आला.

"चुलीत गेल्या तुमच्या कुरडया!" काकू ओरडल्या. "तू चाल वं!"

जामचा चौरस्ता ओलांडून हिंगणघाटचा दवाखाना गाठेपर्यंत माझे हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. ते ऐकून काकू बाकावर बसल्या आणि कधी न बोललेलं बोलल्या.

"आमची पह्यली पोर. पोटात होती माह्या. हे तिकडं पहाडात. दुखणं सुरू झालं, अन् गल्लीत शेजाऱ्याची जीप होती, पण तोंड भिंतीकडं. तो गावाले गेलता. त्याचा साळा बसला चालवाले, त्याले मांगं घेताच नाई आली. मंग बंडी जुंपली. दवाखान्यात पोहचलो तवर पोर गेलती." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "हे सुट्टीवर आले तं कोणाले काई बोलले नाई. दारातल्या चपला तेवढ्या फिरवल्या."

मी त्यांचा हात धरून बसले.

काका त्यातून बरे झाले आणि पहिली गोष्ट म्हणजे मला पुन्हा चीक घोटायला बसवलं. नियम म्हणजे नियम. पुढे बरीच वर्षं ते जगले, गल्लीत आलेल्या नव्या सुनांना शिकवत राहिले, आणि या हिवाळ्यात एका सकाळी झोपेतच गेले.

भेटायला माणसं इतकी आली की ओसरीसमोर चपलांचा ढीग झाला. कुणीतरी करायला हवं म्हणून मी खाली बसले आणि एकेक जोड फिरवून लावत गेले. अगदी शेवटी उंबऱ्याजवळ काकांच्या तपकिरी चपला होत्या. त्यांची तोंडं घराकडे होती. एवढ्या वर्षांत मी त्या तशा कधी पाहिल्या नव्हत्या. मी हात पुढे केला.

"राहू दे," काकू दारातून म्हणाल्या. "मीच ठेवल्या तशा. आता कुठं जाणं हाय त्यायले? घरीच हायेत."